नूडल सूप आणि आपली वरणफळांची सवय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘घरी रामेन (जपानी नूडल सूप) तीनदा केलं, फो (व्हिएतनामी नूडल सूप) दोनदा. दर वेळी सूप मिळमिळीत आणि नूडल्स जेवायला बसेपर्यंत लगदा. पंधरा रेसिप्या पाहिल्या, प्रत्येकीत वेगळंच. जपानी, व्हिएतनामी, मलेशियन, तिबेटी या सगळ्यांत मसाल्यापलीकडे खरंच काही फरक आहे का? आम्ही मूळचे रत्नागिरीचे, राहतो नाशकात, घरात निम्मी माणसं शाकाहारी. एकच शिकायचं तर कुठलं?’

वीसेक वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये काढली आहेत, त्यातली सहा सिंगापुरात. आता ठाण्यात छोटं किचन चालवते आणि शनिवार-रविवार शिकवते. शिकायला येणारे बहुतेक जण हीच तक्रार घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य ओझरतं आलंय: ‘सूप उकळलं की नूडल्स त्यातच सोडतो, म्हणजे चव आत मुरते.’ माझ्या मते सगळा घोळ तिथे आहे. तुम्ही रामेन वरणफळांसारखं करताय. आमटी उकळायची, लाटलेल्या पोळीचे तुकडे त्यात सोडायचे, पिठाने आमटी दाटायची आणि फळांनी रस प्यायचा, हा आपला हात. त्यावर मॅगीने ही सवय आणखी पक्की केली, कारण तिथेही सगळं एकाच भांड्यात. पण मॅगीच्या वड्या आधी शिजवून तळलेल्या असतात. तळताना पाणी उडून जातं, आत बारीक छिद्रं राहतात आणि गरम पाणी त्यांतून झटकन शिरतं. मोमोफुकू आंदो यांनी १९५८ मध्ये जपानात ही युक्ती बाजारात आणली. ताज्या किंवा वाळवलेल्या नूडल्सना हा नियम लागू नाही.

म्हणून मी देश बाजूला ठेवते आणि आधी पातेली मोजते. एक घराणं एका पातेल्याचं, दुसरं दोन पातेल्यांचं. मसाल्याचा फरक त्यानंतर.

एका पातेल्याचं घराणं तुम्हाला ओळखीचं वाटेल. तिबेटी थेनथुक घ्या. कणकेची पट्टी हातात धरून अंगठ्याने चिमटत तुकडे थेट उकळत्या रश्श्यात टाकतात. जपानात यामानाशी भागात होतो नावाचा प्रकार आहे: रुंद पट्ट्या, लाल भोपळा आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट. पट्ट्या न उकडता कच्च्याच सुपात जातात, म्हणून त्या पिठात मीठ घालत नाहीत, नाहीतर सूप खारट होईल. कोरियात सुरीने कापलेल्या नूडल्सचं कालगुक्सू, तेही बऱ्याचदा रश्श्यातच शिजवतात. या सगळ्यांत रस्सा पिठुळ होणं हाच पदार्थ आहे. वरणफळं येणाऱ्या माणसाला थेनथुक शिकवायला मला वीस मिनिटंही लागत नाहीत. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. तिकडे कधी जाणं झालं तर कुणाच्या तरी घरी खाऊन पाहा, बाजारातल्या ‘थुकपा मसाल्या’चा नाद सुटेल.

रामेन, फो, उदोन (जपानी जाड गव्हाचे नूडल्स), हाँगकाँगचे वाँटन (सारण भरलेल्या पुरचुंड्या) नूडल्स, चीनमधल्या लान्चौचे बीफ नूडल्स ही दोन पातेल्यांची मंडळी. एकात रस्सा, दुसऱ्यात नुसतं उकळतं पाणी. दोघांची गाठ फक्त वाडग्यात पडायची, तीही खाणारा समोर बसल्यावर.

हे मला कुणी शिकवलं नाही, ओरडा खाऊन कळलं. सिंगापुरातल्या पहिल्याच महिन्यात दुपारची गर्दी होणार म्हणून मी तीस वाडग्यांचे नूडल्स आधीच उकडून रश्श्यात बुडवून ठेवले. मोठे शेफ आले, पळीने एक झुबका उचलला, तो पळीवरच तुटला. काही न बोलता त्यांनी पातेलं सिंकमध्ये ओतलं. मग मला वाँटनचा वाडगा भरून दाखवला: तळाला चमचा, चमच्यावर वाँटन, त्यावर नूडल्सची गुंडी, आणि रस्सा इतकाच की गुंडीचा माथा कोरडा राहावा. नूडल्स वर, कारण ते रश्श्यात जितके उशिरा भिजतील तितकं बरं. त्याआधी ते उकळत्या पाण्यात काही सेकंद, मग थंड पाण्यात, मग पुन्हा गरम पाण्यात बुडवून काढतात. थंड पाण्याने वरचा चिकटा जातो आणि नूडल कडक राहतो. पन्नास ग्रॅमच्या गुंडीसाठी एवढा खटाटोप मला तेव्हा वेडेपणा वाटला होता.

घरासाठी एवढंच धरा. १०० ग्रॅम नूडल्सना निदान एक लिटर पाणी, बिनमिठाचं. बाहेर काढताना झाऱ्याने जोरात झटका, दोन-तीनदा. नूडल्सना चिकटून येणारं पाणी रस्सा पातळ करतं. ‘सूप चाखलं तेव्हा बरं होतं, वाडग्यात मिळमिळीत झालं’ हे तुम्ही लिहिलंय, त्याचं निम्मं उत्तर या झटक्यात आहे.

उरलेलं निम्मं मिठात.

रामेनच्या दुकानात मोठ्या हंड्यातल्या रश्श्यात मीठ जवळजवळ नसतंच. मीठ असतं ‘तारे’त. हे दाट, खारट मिश्रण वाडग्याच्या तळाशी आधी घालतात. सोया सॉसचं असेल तर शोयू रामेन, मिठाचं असेल तर शिओ, मिसोचं असेल तर मिसो. एकाच हंड्यातून तीन पदार्थ निघतात ते असे. साधारण प्रमाण ३०० मिली रश्श्याला ३० मिली तारे. जपानी सोया सॉसमध्ये साधारण १६ टक्के मीठ असतं, म्हणजे ३० मिलीतून पाचेक ग्रॅम आलं, आणि वाडग्यातला रस्सा दीड टक्क्याच्या आसपास खारट झाला. आपल्या आमटीपेक्षा हे जास्त आहे. चमच्याने नुसतं चाखलंत तर ‘खारट झालं’ म्हणाल, पण बिनमिठाचे नूडल्स त्यात पडले की बरोबर लागतं. तुम्ही हंड्यातच मीठ घालून आमटीसारखं चाखलंत, नूडल्स पडले आणि चव पांगली.

फोमध्ये उलट: फिश सॉस रश्श्यातच, पण अगदी शेवटी. टेबलावर लिंबू, मिरची, पाला असतो आणि खाणारा आपलं आपण जुळवतो. हनोईकडचा वाडगा त्यातही साधा. १९५४ मध्ये व्हिएतनामची फाळणी झाली, उत्तरेचे लोक सायगॉनला गेले, आणि तिथे मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीचा पाला, गोडसर सॉस अशी सजावट वाढत गेली. हॉटेलात फोसोबत येणारी हिरवी थाळी ही दक्षिणेची रीत. (फिश सॉसच्या वासाला घाबरू नका. घरात सुकट भाजणाऱ्याने तर मुळीच नाही.)

उदोनच्या रश्श्यात सोया सॉस असतोच, पण टोकियोकडे काळाभोर आणि ओसाकाकडे फिक्या रंगाचा. निस्सिन कंपनीचं दोन्बेई नावाचं पाकीट पूर्व आणि पश्चिम जपानसाठी दोन वेगळ्या चवींत निघतं. कोल्हापूरचा आणि पुण्याचा रस्सा एका पाकिटात बसेल का, विचार करा.

आता रस्सा. तो स्वच्छ हवा की दुधाळ, हे आधी ठरवा, कारण दोन्हींची रीत एकमेकींच्या विरुद्ध आहे. फोसाठी हाडं पाच-दहा मिनिटं खळखळ उकळून ते पाणी फेकायचं, हाडं धुवायची, मग नव्या पाण्यात अगदी मंद आचेवर ठेवायची, वर बुडबुडा अधूनमधून फुटेल इतपतच. तोंकोत्सु रामेनसाठी डुकराची हाडं तासन्‌तास जोरात उकळतात, म्हणजे चरबी आणि हाडांतला चिकटा घुसळून एकजीव होतो आणि रस्सा दुधासारखा दिसतो. तुम्ही फो मोठ्या आचेवर केला आणि तोंकोत्सु मंद आचेवर, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. म्हणून एक गढूळ झाला आणि दुसरा पाणीदार.

आपल्याकडे सहा-आठ तास गॅस चालवणं परवडत नाही, तेव्हा कुकर. चिकनची हाडं आणि अर्धा किलो कोंबडीचे पाय घ्या. चिकनवाला हे जवळजवळ फुकट देतो, आणि खरा चिकटा या पायांतूनच येतो. पहिली शिट्टी व्हायच्या बेताला आला की आच इतकी बारीक करा की शिट्टी होणारच नाही. पन्नास मिनिटं. मग वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्ट्या काढल्या की आतलं पाणी खवळतं आणि रस्सा गढूळतो. गाळून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी भांडं हलवल्यावर खरवसासारखं थरथरलं पाहिजे. तसं झालं नसेल तर मसाल्याने काही भर पडणार नाही, रस्साच कमी पडलाय.

बीफचं म्हणाल तर महाराष्ट्रात गाय-बैल-वळूचं मांस २०१५ पासून बंद, म्हशीचं मिळतं. पण त्यासाठी अडून बसू नका. चिकनचा फो ही काही तडजोड नाही, हनोईत तो बीफच्या बरोबरीने विकला जातो.

फोच्या मसाल्याबद्दल मात्र थांबून सांगते, कारण इथे आपण मराठी माणसं हमखास घसरतो. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलदोडा, आलं, कांदा. यादी वाचली की हात आपोआप मसाल्याच्या डब्याकडे जातो आणि मापही आपलंच पडतं. मी घरी पहिल्यांदा फो केला तेव्हा मसाला तेलावर परतला, सुरुवातीलाच घातला आणि तीन तास उकळला. नवरा म्हणाला, ‘पुलाव कधी होतोय?’ तो यखनीचा वास होता. चार लिटर रश्श्याला तीन चक्रीफुलं, बोटभर दालचिनी, चार लवंगा, एक मसाला वेलदोडा, बस. कोरडंच भाजायचं, पुरचुंडीत बांधायचं, शेवटच्या पाऊण तासात सोडायचं आणि आठवणीने काढायचं. आलं आणि कांदा मात्र सालासकट थेट गॅसवर धरून काळे करा, वांगं भाजतो तसे, आणि काळं साल धुऊन टाका. फोचा जो वास दारातून येतो त्यातला मोठा भाग या भाजलेल्या कांद्याचा असतो. चक्रीफूल त्याच्या मागे उभं राहिलं पाहिजे, पुढे नाही.

नूडल्सकडे येते. रामेनचा नूडल पिवळसर आणि चिवट का, तर त्यात खार असतो. जपानीत कान्सुई, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. खाराने गव्हातलं ग्लुटेन घट्ट होतं आणि मैद्यातले काही रंग पिवळे पडतात. अंडं घातल्याने पिवळा होतो हा गैरसमज आहे. लान्चौला पूर्वी वाळवंटी झुडपाच्या राखेतून हा खार काढत, आणि आपल्याकडे राजस्थानात पापडासाठी सज्जीखार तसाच खारट जमिनीतल्या झुडपांच्या राखेतून यायचा. उडदाच्या पापडाचं पीठ कुटताना जो चिवटपणा येतो तो आठवा, गोष्ट त्याच जातीची आहे. पण बाजारातला पापडखार नूडल्सना वापरू नका. त्यात काय किती असतं याचा भरवसा नसतो. खायचा सोडा ट्रेवर पसरून ओव्हनमध्ये १२०-१३० अंशांवर तासभर ठेवा, त्याचा कार्बोनेट होतो. ३०० ग्रॅम मैद्याला हा चार ग्रॅम आणि पाणी फक्त १२० मिली. कणीक भुरभुरीत, कोरडी, चीड येईल अशी लागते. पुरणपोळीच्या कणकेच्या बरोबर उलट. पाणी वाढवायचा मोह आवरा, झाकून अर्धा तास ठेवा, मग मशिनीतून काढा. भाजलेला सोडा बोटांना झोंबतो, चमच्यानेच घ्या.

एवढं करायचं नसेल तर विकतचे घ्या, पण ‘हक्का’ लिहिलेलं पाकीट रामेनमध्ये वापरून रामेनला नावं ठेवू नका.

तांदळाचे नूडल्स वेगळी जात. त्यांत ग्लुटेन नाहीच, सगळा भार पिठाच्या चिकटपणावर. पाकिटावर ‘पाच मिनिटं उकळा’ छापलेलं असतं, तिथेच फो मरतो. पोह्यांसारखं वागवा. साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवायचे, वाकतील पण तुटणार नाहीत इतके. मग झाऱ्यात घेऊन उकळत्या पाण्यात दहा ते वीस सेकंद. बाकीचं काम वाडग्यातला रस्सा करतो, म्हणून तो खरोखर उकळता हवा आणि वाडगाही गरम पाण्याने तापवलेला हवा. किती भिजवायचे हे नूडलच्या जाडीवर अवलंबून आहे. एक काडी चावून पाहा, घड्याळापेक्षा दात बरे.

नारळाच्या दुधाचं घराणं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. इथे दोन पातेली आहेतच, पण रश्श्याचा जीव हाडांत नसून वाटणात आहे. सिंगापूर-मलेशियाचा करी लाक्सा घ्या: लाल मिरची, छोटे कांदे, गलंगल (आल्याच्या जातीचा कंद), गवती चहाचा बुंधा, सुक्या कोळंबीची वडी, हे सगळं वाटून तेलात परतायचं, तेल सुटेपर्यंत. ‘तेल सुटेपर्यंत’ ही खूण एखाद्या जपानी शेफला समजवावी लागेल, तुम्हाला नाही. सिंगापुरात कातोंग भागात नूडल्स आखूड कापून लाक्सा देतात आणि लोक तो नुसत्या चमच्याने खातात. मला ती पद्धत फार आवडते, शर्ट वाचतो.

बर्मी खाऊस्वे त्याच वाटेवरचं. त्याच्या रश्श्याला दाटपणा नारळाच्या दुधाबरोबर बेसनाने येतो, कढीला लावतो तसं लावायचं. बर्मात राहणारे भारतीय १९४२ च्या जपानी आक्रमणात आणि पुन्हा १९६० च्या दशकात तिकडून परतले, त्यांच्याबरोबर हे इकडे आलं. सुरतेत गाड्यांवर मिळतं ते याचंच रूप. शाकाहारी करायला सोपं, कारण चिकन काढलं तरी वाटण, बेसन आणि नारळ जागेवर राहतात. वरून तळलेला लसूण, कुरकुरीत तळलेले नूडल्स, लिंबू. फक्त नारळाचं दूध घातल्यावर खळखळ उकळू नका, फाटतं.

आणि रत्नागिरीचे आहात म्हणून एक खास. पेनांगचा आसाम लाक्सा. यात नारळ नाही. चिंचेचा आंबट, माशाचा दाट रस्सा, त्यात जाड गोल तांदळाचे नूडल्स, वर काकडी, कांदा, अननस, पुदिना आणि कोळंबीची काळी गोड पेस्ट. मासा कुठला, तर तिकडे ज्याला केंबुंग म्हणतात तो, म्हणजे आपल्या बांगड्याचीच जात. चिंचेबरोबर बरेच जण आसाम केपिंग नावाच्या सुकवलेल्या चकत्या घालतात, आणि ते फळ कोकमाच्या कुळातलं आहे. पेनांगला पहिला घास घेतला तेव्हा मला आजीचं बांगड्याचं तिखलं आठवलं, फक्त तिरफळ नव्हतं. आमसुलं घालून केलात तर रंग थोडा काळपट येईल, चवीला अजिबात परका लागणार नाही. बांगडे आधी उकडा, काटे काढा, मांस चुरून पुन्हा त्याच पाण्यात घाला. काटे काढायला घरातला सगळ्यात शांत माणूस बसवा.

शाकाहारी रामेनचं काय? होतं, पण ‘व्हेज स्टॉक’ म्हणून गाजर-कोबी उकळून नाही. कोंबू ही समुद्री वनस्पती दहा ग्रॅम आणि सुकवलेले शिताके मशरूम तीन-चार, एक लिटर गार पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी मंद तापवा आणि उकळी यायच्या आधी कोंबू काढून घ्या, नाहीतर बुळबुळीत आणि कडवट होतं. कोंबूत ग्लुटामेट असतं, शिताकेत ग्वानिलेट, आणि दोन्ही एकत्र आली की चव बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. कोंबूतली ही चव किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये वेगळी काढली. पुढच्याच वर्षी ती अजिनोमोटो म्हणून बाटलीत आली. तेव्हा कोंबू मिळाला नाही तर चिमूटभर अजिनोमोटो घालायला मी लाजत नाही, तुम्हीही लाजू नका. दाटपणासाठी पांढरे तीळ भाजून वाटा आणि बिनसाखरेच्या सोया दुधात मिसळा.

तर एकच शिकायचं असेल तर कुठलं? घरात कोण जेवणार यावर ते आहे. तुमच्या घरासाठी मी आधी खाऊस्वे म्हणेन, कारण तुमचा हात वाटणाला बसलेला आहे आणि एकाच रश्श्यातून शाकाहारी-मांसाहारी दोन्ही वाडगे निघतात. ते जमलं की पावसाळा संपून चांगले बांगडे आले की आसाम लाक्सा. चिकनचा फो तिसरा. रामेन सगळ्यात शेवटी, कारण त्यात रस्सा, तारे, नूडल आणि वरचं तेल अशी चार कामं आहेत आणि एकाच रविवारी चारही करायला गेलात तर पुन्हा मलाच शिव्या घालाल. तारे मात्र आजच करून ठेवा. सोया सॉस, थोडी साखर, थोडं आलं, एक उकळी. बाटलीत भरून फ्रिजमध्ये महिनाभर राहतं, आणि तोवर रात्री उशिरा भूक लागली की गरम पाण्यात घालून शेवयांवर ओतायलाही बरं.

फोसाठी नूडल्स कुठल्या जाडीचे आणले होतेत आणि किती वेळ उकळलेत, तेवढं कळवा. पाकिटाचा मागचा भाग वाचून सांगा, पुढचा नको.